जनमत-चाचण्या : शितावरून भाताची परीक्षा?

शितावरून भाताची परीक्षा करता येते, हे आपल्या घराघरांतले संख्याशास्त्र आहे. परंतु त्याला एक अट असते : भात एकाच पातेल्यातला आणि सारखा शिजलेला असावा लागतो. जनमत-चाचण्यांवरील अंधविश्वास आणि त्यांच्यावरील सरसकट राग, हे दोन्ही या अटीच्या विस्मरणातून जन्मास येतात.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे मतदान १ जूनला संपले आणि त्याच सायंकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीस साडेतीनशेहून अधिक जागा देऊन टाकल्या. प्रत्यक्षात मिळाल्या २९३. या अंदाजांच्या भरवशावर ३ जूनला उसळलेला मुंबईचा शेअर बाजार ४ जूनला सुमारे सहा टक्क्यांनी कोसळला. तेव्हा हा प्रकार केवळ करमणुकीचा नव्हे. चार पैसे गाठीला बांधून असलेल्या मध्यमवर्गीयालाही त्याची झळ पोचते.

सामान्य माणसाची पहिली शंका अशी, की चार-दोन हजार लोकांना विचारून ९६ कोटींहून अधिक मतदारांचे मन कसे कळणार? ही शंका स्वाभाविक असली तरी ती चुकीच्या जागी घेतलेली आहे. निवड खरोखर यदृच्छ असेल, तर हजार मतदारांच्या नमुन्यात सुमारे तीन टक्के इकडे-तिकडे एवढीच चूक संभवते. ती निम्मी करावयाची तर नमुना चौपट करावा लागतो. खरा प्रश्न किती जणांना विचारले हा नसून कोणाला विचारले, हा आहे. १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांच्या आधारे लॅंडन विजयी होणार असे त्याने सांगितले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत निवडून आले! कारण उघड होते. नावे प्रामुख्याने दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेली. मंदीने गांजलेला गरीब त्यांत फारसा नव्हताच. शिवाय उत्तर पाठविण्याचा उत्साहही सर्वांना सारखा नव्हता. त्याच वेळी गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय बरोबर वर्तविला होता.

दुसरी अडचण खास आपल्या निवडणूक पद्धतीची. नमुन्यावरून कळतात ती मते. वृत्तपत्रांना आणि दूरचित्रवाणीला हव्या असतात जागा. या दोहोंतील नाते सरळ नाही. भारतीय जनता पक्षाची मते २०१९ च्या तुलनेत २०२४ मध्ये एका टक्क्याहूनही कमी घटली. जागा मात्र ३०३ वरून २४० वर आल्या. महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांना जवळजवळ सारखीच, सुमारे ४४ टक्के मते पडली. पण जागा पडल्या ३० आणि १७. मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल तर अवघ्या ४८ मतांनी लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हरियाणात बहुतेक चाचण्यांनी काँग्रेसला सत्ता बहाल केली होती. प्रत्यक्षात दोन पक्षांच्या मतांत एका टक्क्याचेही अंतर नव्हते, आणि जागा मिळाल्या भाजपला ४८ व काँग्रेसला ३७. अशा ठिकाणी 'सांगता येत नाही' हेच प्रामाणिक उत्तर असते. परंतु त्या उत्तराला बाजारात गिऱ्हाईक नाही.

तिसरी गोष्ट माणसाच्या स्वभावाची. गावातील पुढाऱ्याच्या देखत शेतमजुराने दिलेले उत्तर आणि मतदानयंत्रासमोर त्याने दाबलेले बटण एकच असेल, असे मानण्याचे कारण नाही. त्याचे मौन हाही एक कौलच असतो. पण तो कोष्टकात बसत नाही.

मग चाचण्यांवर बंदी घालावी काय? तसे मुळीच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने आलेले '१२६ अ' हे कलम मतदान सुरू झाल्यापासून ते संपल्यावर अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर अंदाज प्रसिद्ध करण्यास मनाई करते. ते योग्यच आहे. परंतु या कलमाचा रोख अंदाज केव्हा सांगावा यावर आहे. तो कसा काढला यावर नाही. पैसा कोणी दिला, किती जणांना, कोठे, कोणत्या तारखांना आणि प्रत्यक्ष भेटून की दूरध्वनीवरून विचारले, किती जणांनी उत्तर नाकारले, मतांवरून जागा कोणत्या रीतीने काढल्या, हे प्रत्येक अंदाजासोबत छापण्याची सक्ती हवी. तोवर ज्या आकड्याची अशी जन्मकुंडली दिलेली नाही, त्याला वाचकाने भविष्यकथनाहून अधिक किंमत देऊ नये.

कारण अंदाजाचा खरा धोका तो चुकण्यात नाही. 'अमुक येणारच' असे ऐकून एखाद्या मतदाराने आपल्या पसंतीच्या उमेदवाराला दिलेले मत वाया जाईल असे मानले, किंवा तो घरीच बसला, तर चाचणी जनमत मोजत नाही, ते घडवू लागते. तराजूने मापाखेरीज दुसरे काही करू नये, एवढी अपेक्षा तरी ग्राहकाने ठेवावी.