शतपावली आणि ओटा

तर झालं असं, की मार्चमध्ये ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझी साखर 'काठावर' निघाली. तीन महिन्यांचा अंदाज देणारी ती एचबीए१सी चाचणी असते ना, तिचा आकडा ६.१ आला. ५.७ च्या खाली असाल तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, आणि मधल्या पट्ट्यात अस्मादिक!

डॉक्टरांनी तीन वाक्यांत उरकलं. वजन थोडं उतरवा, जेवणाच्या वेळा सांभाळा, चाला. नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र दोन दिवस नुसता महापूर. भिजवलेले मेथीदाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर... शिवाय २०१८ साली घराघरांत रंगलेला 'दीक्षित की दिवेकर' हा सामना पुन्हा सुरू. एका मावशींचं म्हणणं दिवसातून दोनदाच जेव, दुसऱ्या मावशींचं दर दोन तासांनी थोडं थोडं खा. दोघींचं ऐकलं असतं तर मी दिवसभर ताटावरच बसले असते किंवा उपाशी तरी! (मावशी, वाचत असाल तर हलके घ्या.)

पण मला त्या आकड्याने घाबरवलं ते वेगळ्याच कारणाने. माझ्या आईला पंचवीस वर्षांपासून मधुमेह आहे. चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. जखम झालेली तिला कळलीच नव्हती, कारण पायाची संवेदनाच गेली होती. बाबा ऐंशीचे आहेत आणि त्यांना साधी बीपीची गोळीसुद्धा नाही.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा सांगलीचं आमचं घर डोळ्यासमोर येत राहिलं. रात्रीची जेवणं झाली की बाबा आणि काका शतपावलीला बाहेर पडायचे. कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जायचं, पानवाल्याशी दोन शब्द, मग परत. आम्हा मुलांना वाटायचं की शतपावली ही पुरुषांनी करायची गोष्ट असते, दाढीसारखी. आई आणि काकू त्यानंतर जेवायला बसायच्या, साडेनऊ-दहाला. पातेल्याच्या बुडाशी राहिलेला भात, गार आमटी, आम्ही ताटात टाकलेली अर्धी पोळी. 'टाकायचं कशाला' म्हणून दोन घास जास्तच. भाजी बहुतेक संपलेली असायची. मग खरकटं काढा, ओटा पुसा, विरजण लावा आणि पाठ टेका.

आईला मधुमेह याचमुळे झाला असं मी म्हणणार नाही. आजीलाही होता, घराण्यातच आहे. पण एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. आपल्याकडची ही इतकी जुनी आणि चांगली सवय तिच्याच घरात होती, आणि तिच्या वाट्याला ती कधी आलीच नाही.

आणि सवय खरंच चांगली आहे हो. जेवणानंतर रक्तातली साखर चढते, साधारण तासाभरात सर्वात वर जाते. त्या वेळात पाय हलवले की पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू ती साखर खेचून घेतात, आणि हलणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनची तितकी वाट पाहावी लागत नाही. म्हणून दहा-पंधरा मिनिटं, रमतगमत, एवढंसुद्धा पुरतं. मोजून शंभर पावलं तर एका मिनिटात संपतात, तेव्हा आकड्याला धरून बसू नका. (आकड्यांचं काय घेऊन बसलात! ते प्रसिद्ध 'दहा हजार पावलं' सुद्धा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलेले आहेत.) इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

तर मी काय केलं? जिम लावली नाही. ती दोनदा लावून झाली आहे, दोन्ही वेळा जानेवारीत. फक्त ठरवलं, की सगळ्यांनी आठला एकत्र बसायचं आणि हात धुतला की थेट चपला घालायच्या. ओटा तसाच ठेवून!

ऐकायला किती सोपं वाटतं ना? पहिला आठवडा माझा जीव ओट्यावर. आमरसाच्या वाट्या वाळून कडक होत असतील, मुंग्या येतील. नवरा दारातून म्हणाला, "अगं, आधी आवरून घे ना." मी म्हटलं, भांडी कुठे पळून जात नाहीत, साखर चढते. आता आल्यावर तिघं मिळून आवरतो. वीस मिनिटं लागतात, पूर्वी मला एकटीला चाळीस लागायची. उरलेलं अन्न डब्यात जातं, माझ्या पोटात नाही. हे दुसरं जास्त अवघड गेलं. लेकाच्या ताटातला भाताचा ढीग दिसला की अजून हात पुढे होतो.

लेकाचं सांगायचं राहिलंच. बारावीत आहे, घरात तोंडातून शब्द निघत नाही. पहिल्यांदा कुरकुरत आला. बी विंगपासून गेटपर्यंत चालताना तो माझ्याकडे बघत नाही, मी त्याच्याकडे बघत नाही, आणि कदाचित म्हणूनच तिसऱ्या आठवड्यात एकदम म्हणाला, "आई, मला हल्ली रात्री झोपच येत नाही." जेवणाच्या टेबलावर हे वाक्य आलं नसतं याची मला खात्री आहे. मग गेटला अजून चार फेऱ्या झाल्या.

जुलैमध्ये पुन्हा तपासलं, ५.८. अर्थात भातही निम्मा झालाय, तेव्हा सगळं श्रेय शतपावलीला देत नाही. असो.

मागच्या शनिवारी सांगलीला गेले होते. आईच्या डॉक्टरांना आधीच विचारलं होतं, तिची खास चप्पल घालून सपाट रस्त्यावर हळूहळू चालायला हरकत नाही म्हणाले. जेवण झाल्यावर तिला म्हटलं, चल. "आणि ओटा?" बाबा करतील म्हटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे पाहिलं, आणि फडकं शोधायला लागले. ते त्यांच्या समोरच होतं.

शेजारच्यांच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. वाटभर आईचं एकच चाललं होतं, "दूध कोमट झाल्याशिवाय विरजण लावू नका म्हणावं त्यांना." (लावलंच. सकाळी दही नव्हतं.) पायरीशी आल्यावर ती थांबली, धाप लागली होती. मला वाटलं, नको म्हणेल आता. तर म्हणते, "चौऱ्याऐंशी झाली. उरलेली सोळा उद्या."