पाणी कुठे चालले, हे आधी सांगा

अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या मावी बेटावर लाहैना भागातले सांडपाणी प्रक्रिया करून चार खोल विहिरींतून जमिनीत सोडले जाई. रोजचे सुमारे दीड कोटी लिटर. समुद्र तिथून अर्ध्या मैलावर. आपण पाणी जमिनीत सोडतो, समुद्रात नाही, मग त्यासाठीचा परवाना कशाला, असे काउंटी प्रशासनाचे म्हणणे. २०११ मध्ये संशोधकांनी त्यातल्या दोन विहिरींत चमकणारा रंग मिसळला. रंगाला बिचाऱ्याला ही पळवाट ठाऊक नव्हती. ८४ दिवसांनी तो समुद्रतळाच्या झऱ्यांतून वर आला, आणि तोही सरळ समोर नव्हे, विहिरींच्या नैर्ऋत्येला. त्या दोन विहिरींतले सुमारे ६४ टक्के सांडपाणी याच वाटेने जात असल्याचा हिशेब निघाला.

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. जमिनीतून गेलेले पाणी थेट समुद्रात सोडल्यासारखेच ठरत असेल, तर परवाना लागेल. ते ठरवताना मुख्यतः पाहायचे काय, तर अंतर किती आणि वेळ किती. दोन्हींचे उत्तर द्यायचे तर पाणी कोणत्या बाजूला चालले आहे हे आधी कळायला हवे.

आपल्याकडच्या कायद्यांना हा प्रश्न फारसा पडत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने ठरावीक प्रवाहात न वाहणारे जमिनीखालचे पाणी जमीनमालकाला आपल्या हद्दीत गोळा करायची मुभा दिली. शेजारच्या विहिरीचे काय, हा विचार त्यात नाही. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला आडकाठी घातली. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचराभूमीच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतले भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासायला सांगितले. नमुना कोणत्या बाजूचा घ्यायचा, याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही.

अशाने होते काय, तर वरच्या अंगाच्या विहिरीतून बाटली भरायची आणि पाणी ठीक असल्याचा अहवाल द्यायचा. नियम पाळला जातो. खालच्या अंगाचे शेतकरी मात्र वास मारणारे पाणी घेऊन कार्यालयाचे उंबरे झिजवतात. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोलगतच्या विहिरींबद्दल पुण्याने हे गाऱ्हाणे वर्षानुवर्षे ऐकले आहे.

दिशा काढायला अवजड यंत्रे लागत नाहीत. तीन विहिरी पुरतात, फक्त त्या एका ओळीत नकोत. प्रत्येकीच्या काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची काढायची, टेप सोडून पाण्यापर्यंतची खोली मोजायची आणि वजाबाकी करायची. मोठा आकडा आला तिकडून लहान आकड्याकडे पाणी निघालेले असते. अमेरिकेच्या घातक कचऱ्याच्या नियमांत १९८० पासून निदान एक विहीर वरच्या अंगाला आणि तीन खालच्या अंगाला असावी अशी अट आहे. वरची विहीर मूळचे पाणी कसे होते ते सांगते, खालच्या तीन त्यात काय मिसळले ते.

महाराष्ट्रात काम थोडे अवघड आहे, हे मान्य. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग काळ्या कातळाचा. त्यात पाणी भेगांतून, सांध्यांतून आणि मुरमातून वाट काढते. एखादी उभी खडकाची भिंत आडवी आली की वळते. जमिनीचा उतार पूर्वेला म्हणून पाणीही पूर्वेलाच, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यातच शेजारच्या शेतात बोअरवेल दिवसरात्र उपसली की पातळी खचते आणि पाणी उलट तिकडे ओढले जाते. मे महिन्यातला बाण ऑक्टोबरमध्ये फिरलेला असू शकतो.

म्हणूनच तो दोनदा मोजावा लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतेच. मोजणारी माणसे आणि पद्धत दोन्ही आहेत. कचराभूमी किंवा रासायनिक कारखान्याला संमती देण्याआधी मे आणि ऑक्टोबर अशा दोन्ही वेळचा प्रवाहाचा नकाशा अर्जदाराने स्वखर्चाने जोडावा, यंत्रणेने तो तपासावा आणि मगच ग्रामसभेत मांडावा. कोणाच्या विहिरीला कुठून झरे येतात, हे गावातल्या विहीर खोदणाऱ्यांना आणि मोटार चालवणाऱ्यांना पुष्कळदा ठाऊक असते. नकाशातला बाण चुकला असेल तर ते तिथल्या तिथे बोट ठेवतील.