परत येणारी भाची

रमजानच्या आधी एक भगिनी आमच्याकडे आल्या. बाकीच्या बायका उठून गेल्यावर हळूच म्हणाल्या, "आपा, बहिणीची मुलगी बालगृहातून यायची आहे. तिला आई नाही, माझ्याकडेच ठेवावी लागेल. पण माझ्या घरात दोन मुली आहेत. लोक काय म्हणतील?" कामाला लावतो म्हणून ओळखीच्याच माणसाने भाचीला मुंबईला नेले आणि विकले. पोलिसांनी सोडवली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. नाव-गाव आम्ही लिहीत नाही. अशा मुलीची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार गुन्हा आहे.

"तिचे पाप माफ होईल का?" हेही त्यांनी विचारले. आम्हाला राग आला, खोटे कशाला सांगा. पाप कुणाचे? मदिन्यात अब्दुल्लाह बिन उबय्य कमाईसाठी आपल्या दासींना या धंद्यात ढकलत असे, तेव्हा सूरह नूरची 33 वी आयत उतरली. आशय स्पष्ट आहे: अशी जबरदस्ती करू नका, आणि जिच्यावर ती झाली तिच्यासाठी अल्लाह क्षमाशील, दयावान आहे.

सोडवलेल्या मुलीला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समिती लगेच घरी धाडत नाही म्हणून नातेवाईक चिडतात. पण विकणारा पुष्कळदा घरच्या ओळखीतलाच निघतो. म्हणून आधी घराची चौकशी होते, अहवाल जातो. तोवर बालगृहात औषधपाणी, समुपदेशन, बुडालेली शाळा आणि कोर्टाची साक्ष. साक्ष देताना आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ नये, अशी पॉक्सो कायद्यात (2012) तरतूद आहे.

मन सावरायला मात्र वेळ लागतो. काल हसणारी मुलगी आज ताट सरकवून उठते. दाराची कडी वाजली, कुणी पुरुष मोठ्याने बोलला, तरी रात्रीची झोप जाते. कुलूपबंद संस्थेत काहींना पुन्हा कोंडल्यासारखे होते. ही तक्रार खोटी नव्हे.

घरी आल्यावर तिला खोदून विचारू नका, तिने सांगितले तर ऐका. समुपदेशन सुरू ठेवा. निकाहाची घाई तर मुळीच नको; तसले लग्न घराची लाज झाकायला लावतात, मुलीसाठी नव्हे. आणि घरी जमलेच नाही, तर 18 पूर्ण झाल्यावरही 21 व्या वर्षापर्यंत अनुरक्षण गृहाचा आधार मिळू शकतो.

त्या बराच वेळ गप्प होत्या. "माझ्या मुलींना काय सांगू?"

"बहीण येते आहे, एवढेच सांगा."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. ईदचे कपडे शिवायला टाकायचे होते. भाचीचे माप कुणाकडे मागावे, म्हणून विचारत होत्या.