रिकामा वेळ आणि आपले रान

परीक्षेच्या दिवसांत ‘वेळ पुरत नाही’ अशी तक्रार करणारा विद्यार्थी सुटी लागून आठवडा लोटला नाही तोच ‘वेळ जात नाही’ असे म्हणू लागतो. वास्तविक दिवस तेवढाच असतो; पालट झालेला असतो तो मनाच्या स्थितीत. परीक्षेत मनाला काम नेमून दिलेले असते, सुटीत ते कोणी नेमून देत नाही. ते आपले आपणच नेमावयाचे असते, आणि ही गोष्ट शाळेत असतानाच साधावी लागते.

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे 1982 सालापर्यंत एकच होते. येथील लोकांस ही विद्या अपरिचित नाही. धानाची कापणी व मळणी उरकली की शेतकऱ्यास उसंत मिळते. त्या उसंतीतूनच झाडीपट्टीची रंगभूमी उभी राहिली. दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगावी मंडप पडतात, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. एरवी नांगर धरणारे कित्येक हात तेथे तोंडाला रंग लावतात. या रंगभूमीवर आयुष्य वेचणारे गडचिरोली जिल्ह्यातील श्री. परशुराम खुणे यांस 2023 साली पद्मश्री देऊन सरकारने गौरविले.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव याहूनही विचार करण्याजोगे आहे. तेथील गोंड गावकऱ्यांनी अभ्यासगट चालविले. एकत्र बसावे, एखादा विषय घ्यावा, त्याची सर्व बाजूंनी चर्चा करावी, असा त्यांचा क्रम होता. जंगल, जमीन, कायदा हे त्यांचे विषय. याच गावास 2009 साली आपल्या जंगलावरील सामूहिक वनहक्क मिळाला. वेळ सर्वांपाशीच होता. त्यांनी तो ज्ञानाकडे लावला.

आता एका व्यक्तीचे उदाहरण पाहू. कै. मारुती चितमपल्ली हे वनखात्यात अधिकारी होते. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत त्यांची वर्षे गेली. अशा ठिकाणी ना शहरातील करमणूक, ना मित्रमंडळ. तेथे दुसरा कोणी कंटाळून बदलीची वाट पाहत बसला असता. चितमपल्लींनी पाखरे न्याहाळली, वनवासी व मासेमार लोकांस त्यांची नावे विचारली आणि ती टिपून ठेविली. त्या टिपणांतून ‘रानवाटा’सारखी पुस्तके व ‘पक्षिकोश’ निर्माण झाला. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2025 साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही तर त्याच झाडीच्या मुलखात जन्मला आहात! उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. त्या लांबलचक दुपारी घरात आजी-आजोबा बसलेले असतात. मोह केव्हा गळतो, कोणती भाजी पहिल्या पावसात उगवते, कोणत्या झाडाचे लाकूड कशाला लागते, हे त्यांस ठाऊक असते. कित्येक झाडापाखरांची गोंडी, माडिया अथवा झाडीबोलीतील नावे कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाहीत. ती केवळ त्यांच्या मुखी आहेत. एक वही घ्या आणि रोज एक नाव लिहा. महिन्याच्या सुटीत तीस नावे होतील. हे काम ‘उद्या करू’ म्हणून ठेविले, तर एखादे दिवशी विचारावयास वही असेल, पण सांगणारे माणूस नसेल.

कोणी म्हणतील, सुटी ही विश्रांतीसाठी असते. हे आम्हांस मान्य आहे. परंतु विश्रांतीने माणूस ताजातवाना होतो. तासन्‌तास मोबाईलच्या पडद्याकडे पाहून उठलेला मुलगा अधिकच मरगळलेला दिसतो. यावरून विश्रांती कोणती व आळस कोणता, हे ज्याचे त्याने ओळखावे. ज्या मुलांस सुटीत पहाटे उठून मोहफुले वेचावी लागतात किंवा तेंदूपत्त्याच्या कामाला जावे लागते, त्यांस मात्र आम्ही काय उपदेश करावा? त्यांना रिकामा वेळच नसतो. रानाची ओळख त्यांस जेवढी असते तेवढी इतरांस नसते. वर्गमित्रांनी त्यांच्यापासून ती शिकावी आणि त्यात कमीपणा मानू नये.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा रिकामा दिसताच त्यास आणखी एका शिकवणीत अडकवू नका. अथवा त्याची कटकट नको म्हणून त्याच्या हाती मोबाईल देऊ नका. त्याला थोडे रिकामे राहू द्या. त्या रिकामपणी तो ‘हे झाड कोणते?’ असे विचारील, तेव्हा हातचे काम क्षणभर बाजूस ठेवून त्यास उत्तर द्या. आणि उत्तर येत नसेल, तर त्यास सोबत घेऊन जाणत्याकडे जा.