‘फ्री’ रूमची खरी किंमत

शुक्रवारी ऑफिस सुटलं की स्लीपर पकडायची, शनिवारची रात्र पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर आणि सोमवारी पुन्हा हिंजवडीत! पुण्यातल्या नव्या नोकरदार ग्रुप्ससाठी हा प्लॅन काही नवा नाही. हिशोब मात्र बदललाय. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला. त्याच दिवशी साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेल रूमवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. थोडक्यात, राहणं स्वस्त झालं आणि खेळणं महागलं. अशा वेळी ‘आमचं कार्ड घ्या, रूम फ्री’ ही ऑफर फारच गोड वाटते. पण ती देणाऱ्याला परवडते कशी?

आधी गिऱ्हाईक कोण ते बघू. महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी अमलात आलाच नाही. 2023 मध्ये सरकारने तो रद्दच करायचं ठरवलं. त्यामुळे आपल्याकडची गर्दी गोव्याला जाते. आणि गोव्यातल्या स्थानिकांना 1 फेब्रुवारी 2020 पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणजे ती टेबलं मांडलीत ती आपल्यासारख्या बाहेरच्यांसाठीच.

आता कार्डांकडे येऊ. ती दोन प्रकारची असतात आणि घोळ इथेच होतो. हॉटेलचं कार्ड तुमचं बिल मोजतं. मॅरियट बॉन्वॉय किंवा वर्ल्ड ऑफ हयातमध्ये रूम आणि जेवणाच्या खर्चावर पॉइंट्स मिळतात. कॅसिनोचं कार्ड मोजतं तुमचा खेळ: सरासरी किती लावता, किती वेळ बसता. त्यावरून तुम्ही अंदाजे किती हराल हे काढलं जातं आणि त्याचा काही भाग रूम, बुफे, ड्रिंक्स अशा रूपात परत येतो. लास वेगासमध्ये तर एमजीएमने 2024 मध्ये मॅरियटशी हातमिळवणी करून हॉटेलचे आणि कॅसिनोचे प्रोग्राम जोडूनच टाकले.

एक साधं उदाहरण घ्या. एका शून्याच्या रुलेटवर कॅसिनोचा वाटा, म्हणजे हाऊस एज, 2.7 टक्के. तुम्ही दर फेरीला 500 रुपये लावता, तासाला 40 फेऱ्या, चार तास. एकूण लावले 80 हजार. सरासरी तोटा 2,160 रुपये. चाकावर दोन शून्यं असतील तर हाऊस एज 5.26 टक्के होतो आणि तोटा जातो 4,200 च्या घरात. समजा यातला तिसरा हिस्सा ‘फ्री’ म्हणून परत मिळाला, तरी बाकीचे दोन हिस्से तुमच्याच खिशातून गेले ना? वर चिप्स विकत घेतानाचा जीएसटी. तो तुम्ही जिंका नाहीतर हरा, लागतोच. जिंकलात तर त्या कमाईवर 30 टक्के आयकर आणि सेस, त्यातून हरलेले पैसे वजा करता येत नाहीत.

मग फायदा कशात आहे? हॉटेलच्या पॉइंट्समध्ये, आणि तेही जुगार न खेळता. बुकिंग थेट हॉटेलच्या साइट किंवा अ‍ॅपवरून करा. दुसऱ्या ट्रॅव्हल अ‍ॅपवरून केलं तर पॉइंट्स सहसा मिळत नाहीत. ऑफिसच्या कामासाठी बेंगळुरूला राहिलात तर चेक-इनला मेंबर नंबर द्यायला विसरू नका. हेच पॉइंट्स पुढे गोव्यात वापरता येतात. या दोन्ही प्रोग्राममध्ये 24 महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट्स बाद होतात. आणि पॉइंट्स वापरण्याआधी त्याच रात्रीचं रोखीतलं भाडं बघा. पावसाळ्यात गोव्याची रूम बऱ्याचदा इतकी उतरते की पॉइंट्स सीझनसाठी राखलेले बरे.

कॅसिनोचं पॅकेज घ्यायचंच असेल (वय 21 पूर्ण हवं), तर आधी एकच विचारा: यातल्या किती चिप्स काउंटरवर मोडून पैसे मिळतील? बऱ्याचदा त्यातल्या काही चिप्स एकदाच खेळण्यापुरत्या असतात. जेवण, शो आणि एन्ट्रीसाठी म्हणून तुम्ही किती दिले असते, ते मनात ठरवा. पॅकेज त्याहून महाग असेल तर सरळ सोडा. आणि वरची टियर मिळायला ‘अजून थोडंच खेळायचंय’ असा मेसेज आला, तर ते ‘थोडं’ किती फेऱ्यांचं आहे, ते वरच्या हिशोबात घालून बघा. बहुतेक वेळा तेवढ्या पैशात रूम विकत घेऊनही काहीतरी उरतं.