गळणारा उजेड

चिकाच्या पडद्याची गंमत जुन्या वाड्यांतल्या माणसांना ठाऊक आहे. दिवसा आतल्याला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आतले काही दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की पारडे फिरते. डोळ्यांपुढे चित्र उमटवणारे नवे चष्मे निघाले आहेत, त्यांचेही असेच आहे.

या चष्म्याच्या काडीत इवलासा प्रक्षेपक असतो. त्याचा प्रकाश काचेत शिरतो, आतल्या आत परावर्तित होत सरकतो आणि डोळ्याकडे वळतो. पण सारा वळत नाही. थोडा बाहेर निसटतो. समोरच्याला काचेत चमक दिसते, कधी चित्रसुद्धा. अभियंते याला प्रकाशाची गळती म्हणतात आणि दोष मानतात. मेटा कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये असा चष्मा जाहीर केला, तेव्हा ही गळती अवघी २ टक्के असल्याचे अभिमानाने सांगितले.

वापरणाऱ्याचे निरोप चारचौघांत उघडे पडू नयेत, हे मलाही मान्य आहे. पण समोर बसलेल्याचे काय? माझ्याशी बोलता बोलता मित्र दुसऱ्याचाच निरोप वाचतो आहे, हे सांगणारी खूण म्हणजे ती चमक. ती पुसली की त्याचे खासगीपण राखले जाते आणि मी मात्र मूर्खासारखा बोलत राहतो! कॅमेरा चालू असल्याचे दाखवणारा दिवा चष्म्यावर असतो खरा. पण तो निकामी करून देणारे महाभागही २०२५ मध्येच निघाले. शिवाय आपल्या आर्णीत कंबलपोष बाबांच्या यात्रेच्या गर्दीत, भर उन्हात, तो टिकलीएवढा दिवा कोणाच्या नजरेस पडणार?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यांत आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. मात्र २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्याने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. म्हणजे निव्वळ हौसेखातर माझे चित्रण करणाऱ्यापुढे हा कायदा गप्प.

तेव्हा गळती जरूर कमी करा, अक्षरे वाचता येऊ नयेत इतकी. पण पडदा चालू आहे एवढे समोरच्याला कळेल असा उजेड बाहेर येऊ द्या, आणि तो विझवण्याची कळ चष्मा घालणाऱ्याच्या हाती देऊ नका. परीक्षेच्या वर्गात पहारा देणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना तरी ही मागणी पटायला हरकत नसावी.