बातमी कामगाराची, खर्च कोणाचा?

ब्रायन मर्चंट या अमेरिकी पत्रकाराचे ‘ब्लड इन द मशीन’ हे पुस्तक सप्टेंबर २०२३ मध्ये आले. विषय होता १८११ पासून इंग्लंडात यंत्रे फोडणारे लडाइट कारागीर. दोनशे वर्षे यंत्रद्वेष्टे म्हणून हिणवले गेलेले हे लोक यंत्राच्या नव्हे, तर यंत्राच्या आडून मजुरी पाडणाऱ्या मालकांच्या विरोधात होते, असे त्याचे प्रतिपादन. पुस्तकाला चार महिने होतात न होतात तोच ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने एका फटक्यात ११५ हून अधिक पत्रकारांना घरी पाठवले, आणि तंत्रज्ञानावर स्तंभ लिहिणारा मर्चंटही त्यांत निघाला. त्याची नोकरी कोणा यंत्राने नाही, वृत्तपत्राच्या तोट्याने खाल्ली. त्यानंतर तो पुस्तकाच्याच नावाच्या, वर्गणीदारांच्या बळावर चालणाऱ्या वार्तापत्रातून लिहू लागला. २०२५ मध्ये त्याने तिथे एक लेखमाला सुरू केली. एआयमुळे काम गेलेले अनुवादक, चित्रकार, आयटीतले लोक तिच्यात आपली हकिकत स्वतः सांगतात.

अशा पत्रकारितेच्या सार्वजनिक पाठबळाला नाके मुरडणाऱ्यांना ही कहाणी फार सोयीची वाटते. बघा, बाजाराने आपणहून सोय लावली! ज्याला वाचायचे आहे तो वर्गणी भरतो, लिहिणाऱ्याची चूल पेटते. मग देणग्या, न्यास, करसवलत, सरकारी निधी ही भानगड हवी कशाला? दुसरा दाखला ते ‘४०४ मीडिया’चा देतात. ‘व्हाइस’ ही कंपनी मे २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तिच्या ‘मदरबोर्ड’ विभागातल्या चौघा पत्रकारांनी ऑगस्टमध्ये स्वतःची संस्था काढली, आणि ती वाचकांच्या पैशावर उभी राहिली.

दोन्ही दाखले खरे आहेत. पण हे लोक मोठ्या संस्थांच्या पगारावर नाव कमावलेले आहेत, इंग्रजीत लिहितात आणि त्यांचा वाचक डॉलरमध्ये वर्गणी भरतो. मुळात यंत्र आणि कामगार या विषयात बाजाराचे गणित जुळतच नाही. ज्याला या बातमीची सर्वांत जास्त गरज आहे तो कामगार वर्गणी भरू शकत नाही. आणि ज्याच्याकडे भरपूर पैसा आहे ती तंत्रज्ञान कंपनी म्हणजेच बातमीचा विषय.

पण मुळात नुकसान झाले आहे तरी कुठे, असा आणखी एक आक्षेप असतो. यंत्र आले की आरडाओरडा होतो, मग नवी कामे निघतात, हा इतिहास आहे. पत्रकार उगाच बागुलबुवा उभा करतात. या आक्षेपाची गंमत अशी की तो नेहमी भविष्याबद्दल बोलतो. हातात असलेल्या बातम्या मात्र होऊन गेलेल्या गोष्टींच्या आहेत.

जानेवारी २०२३ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकात बिली पेरिगो यांचा वृत्तान्त आला. चॅटजीपीटीला घाणेरडा मजकूर ओळखता यावा म्हणून ओपनएआयने ‘सामा’ या कंपनीमार्फत केनियातल्या कामगारांकडून तो मजकूर वाचून घेतला होता. बलात्कार, छळ, लहान मुलांवरचे अत्याचार असले वर्णन पाळीभर वाचायचे आणि त्यावर शिक्के मारायचे, हे काम. करारानुसार सामाला तासाला १२.५० डॉलर मिळत होते. कामगाराच्या हातात पडत होते १.३२ ते २ डॉलर. हे आकडे कोणी पत्रकार परिषदेत वाटले नव्हते. पगाराच्या पावत्या आणि अंतर्गत कागदपत्रांची शेकडो पाने तपासून ते बाहेर काढावे लागले. काम परक्या देशात, तिसऱ्याच कंपनीत, आणि तोंडाला गुप्ततेच्या कराराचे कुलूप. या धंद्याची रचनाच अशी आहे की आपणहून काही दिसू नये.

ॲमेझॉनच्या गोदामांची गोष्ट याहून बोलकी. एप्रिल २०१९ मध्ये ‘द व्हर्ज’च्या कॉलिन लेचर यांनी कंपनीच्याच कागदांवरून दाखवले की बाल्टिमोरच्या एका गोदामात साधारण वर्षभरात सुमारे ३०० जणांना कामाचा वेग कमी पडला म्हणून काढले गेले. वेग मोजणारी प्रणाली ताकीद आणि बडतर्फीची पत्रे आपोआप तयार करत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस देणग्यांवर चालणाऱ्या ‘रिव्हील’ या शोधपत्रकारितेच्या संस्थेचे विल इव्हान्स दुखापतींच्या नोंदींच्या मागे लागले. २०२० मध्ये त्यांनी कंपनीची अंतर्गत आकडेवारी मिळवली. २०१९ मध्ये दर शंभर कामगारांमागे ७.७ गंभीर दुखापती. आणि जिथे यंत्रमानव आणले होते त्या गोदामांत २०१६ ते २०१९ या काळात गंभीर दुखापतींचे प्रमाण इतरांच्या दीडपटीहून अधिक. यंत्रमानवाने पायपीट वाचवली, पण त्याने वाढवलेला वेग माणसाच्या खांद्याला आणि पाठीला पेलला नाही. आम्ही नोंदी काटेकोर ठेवतो म्हणून आकडे मोठे दिसतात, असा खुलासा कंपनीने केला. तो वाचकाने जरूर लक्षात घ्यावा. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: कामाचा कोटा कामगाराला कळवलाच पाहिजे, आणि जेवणाची सुट्टी किंवा लघवीला जाण्याची मुभा हिरावून घेणारा कोटा चालणार नाही. श्रेय एकट्या बातमीचे नाही, संघटना त्यासाठी झगडल्या. पण आकडे नसते तर त्या कशाच्या बळावर झगडल्या असत्या?

एआयच्या नुकसानीचा गवगवा फुगवला जातो, हे मात्र काही वेळा खरे आहे. तो फुगवण्यात कंपन्याही मागे नाहीत. क्लार्ना या स्वीडिश कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये मिरवले की आपला एआय सहायक ७०० माणसांचे काम करतो. २०२५ मध्ये तिच्याच प्रमुखाने कबूल केले की दर्जा घसरला, आणि पुन्हा माणसे घ्यायला सुरुवात झाली. एआय कधी खरे कारण असते, कधी गुंतवणूकदारांना दाखवायचे कौतुक, कधी निव्वळ सबब. यातले कोणते केव्हा, हे तपासायला कंपनीच्या खुलाशाबाहेरचा माणूस लागतो.

पुण्यातच पाहा. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करणार असल्याचे सांगितले. हे एआयमुळे नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही म्हणून, असे मुख्याधिकारी के. कृतिवासन यांचे म्हणणे. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कंपनीची एकूण कर्मचारीसंख्या १९,७५५ ने घटली. ‘नाइटेस’ या पुण्यातल्या आयटी कर्मचारी संघटनेने दावा केला की एकट्या पुण्यात अडीच हजार लोकांना राजीनामे द्यायला लावले. कंपनीने तो साफ फेटाळला. म्हणजे आकडे सगळे आहेत आणि निवाडा कुठेच नाही. एचआरने बोलावून ‘तुम्हीच राजीनामा द्या’ म्हटले, तर कागदावर ती कपात राहतच नाही. बेंचवर बसवलेला माणूस प्रकल्प संपला म्हणून बसला, की त्याचे काम आता एखादी प्रणाली करते म्हणून, हेही बाहेरून कळत नाही. ते कळायचे तर कोणीतरी हिंजवडीत आणि कामगार आयुक्तालयात महिनोन् महिने खेटे घालायला हवेत. कागद मिळवायला हवेत. नाव न छापण्याच्या बोलीवर शंभर माणसांशी बोलायला हवे, आणि शेवटी ‘एआयचा संबंध फारसा नव्हता’ असे निघाले तर तेही छापायला हवे. हे काम चार महिने चालेल आणि त्यातून कदाचित एकच लेख निघेल. जाहिरातीच्या दराने त्याचा हिशेब करणारा कोणताही व्यवस्थापक ते पहिल्याच आठवड्यात बंद करील, आणि त्याच्या जागी त्याचे चुकलेही नसेल.

मग मोठी माध्यमे आहेत की! इथे आक्षेपकाच्या हातात हुकमाचे पान आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. केनियाची बातमी छापणारे ‘टाइम’ कोणा धर्मादाय संस्थेचे नाही. २०१८ पासून ते सेल्सफोर्सचे प्रमुख मार्क बेनिऑफ यांच्या मालकीचे आहे. अब्जाधीशाच्या छत्राखालीही निर्भीड बातमी येऊ शकते, हे मान्य. पण पुढचे वाचावे. जून २०२४ मध्ये त्याच ‘टाइम’ने ओपनएआयशी मजकूर पुरवण्याचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये बेनिऑफ यांनी सांगितले की ग्राहकसेवेतली आपली ९,००० माणसे एआयमुळे सुमारे ५,००० वर आली. त्या वर्षीचा ‘टाइम’चा व्यक्तिविशेष मान एआयच्या शिल्पकारांना मिळाला. यांतल्या एका गोष्टीने दुसरी घडली, असे म्हणायला पुरावा नाही आणि म्हणूही नये. एवढेच विचारावे, की अशीच दुसरी बातमी छापणे अशा घराला किती वेळा परवडेल?

आता सरकारी पैसा. तो घेतला की पत्रकार सरकारचा भाट होतो, असे म्हणतात. नॉर्वेत १९६९ पासून वृत्तपत्रांना थेट अनुदान आहे आणि तिथली पत्रकारिता मिंधी झाल्याचे कोणी म्हणत नाही; निकष आधी कायद्याने ठरलेले असले आणि वाटप मंत्र्याच्या मर्जीवर नसले की हे जमते. उलट तडजोडीच्या वाटेने काय होते ते कॅलिफोर्नियात दिसले. बातम्यांचा मोबदला गूगलसारख्या कंपन्यांकडून वसूल करणारे विधेयक तिथे येऊ घातले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलशी बंद दाराआड समझोता झाला आणि विधेयक बारगळले. पत्रकारितेच्या निधीबरोबर त्या समझोत्यात एआयला चालना देणारा स्वतंत्र कार्यक्रमही घुसला! पत्रकारांच्या संघटनेने विरोध केला, पण उपयोग झाला नाही. आधी कंपनीच्या संमतीने रक्कम ठरवायची आणि मग तिच्याविरुद्ध लिहायला त्यातून पगार द्यायचा, ही व्यवस्था न टिकणारी आहे.

दानशूरांच्या पैशाचेही तसेच. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ने विकसनशील देशांतल्या गिग कामगारांबद्दल उत्तम लिहिले आहे; ही संस्था २०२० मध्ये सुरू करणाऱ्या सोफी श्मिट गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांच्या कन्या. आपल्याकडे स्वतंत्र माध्यमांना मदत करणाऱ्या बेंगळुरूच्या एका न्यासात अझीम प्रेमजी आणि रोहिणी नीलेकणी यांचे पैसे आहेत, म्हणजे शेवटी विप्रो आणि इन्फोसिसची संपत्ती. हा पैसा नाकारावा असे नाही. त्यातून चांगले काम झाले आहे, आणि नाकारल्याने कामगाराचे काही भले होत नाही. पण ज्या उद्योगाची झाडाझडती घ्यायची त्याच्याच श्रीमंतीवर सगळा डोलारा उभा ठेवणे हा अविचार आहे. त्याला तोलून धरायला पाचशे-हजार रुपये देणारे पुष्कळ लोक हवेत.

त्यावर सर्वांत टोकदार आक्षेप येतो: वाचक पैसे देऊ लागला की पत्रकार वाचकाचा नोकर होतो. एआयने काम गेले अशीच कहाणी ऐकायला आलेल्या वर्गणीदाराला तीच कहाणी द्यावी लागते. याला खोटे कोणी म्हणू नये. मर्चंटच्या लेखमालेतही जे लिहितात ते ज्यांचे काम गेले तेच. एआयमुळे ज्यांचे बरे चालले आहे ते पत्र पाठवत नाहीत, म्हणून त्या कहाण्यांना साक्ष मानावे, जनगणना मानू नये. पण हा दोष वर्गणीचा आहे, सार्वजनिक पाठबळाचा नव्हे. पैसा अनेक वाटांनी आला की एकाही दात्याला, वाचकालाही, संपादकाचा कान धरता येत नाही.

कामगारांच्या बाजूने लिहिणारे पत्र मराठीला नवे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये ‘दीनबंधू’ हाती घेतले आणि १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे नेला. मागण्या होत्या रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, दुखापतीची भरपाई. सुट्टी १८९० मध्ये मिळाली. त्या अर्जातला अर्धा तास आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली जेवणाची सुट्टी यांत जवळजवळ एकशे चाळीस वर्षांचे अंतर आहे. तरीही लोखंड्यांचा नमुना आज जसाच्या तसा उचलता येणार नाही. पुढारीही तेच आणि संपादकही तेच, ही त्या काळाची गरज होती. आजच्या संघटनेचा आकडादेखील कंपनीच्या आकड्याइतक्याच संशयाने तपासणारा पत्रकार हवा, नाहीतर कंपनीच्या वकिलाला तो उडवून लावायला अर्धे पान पुरते.

भारतात असे काम करू पाहणाऱ्यांचे काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. ‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’च्या पत्रकारांनी पुलित्झर सेंटरच्या मदतीने तेलंगणातल्या ‘समग्र वेदिका’ या सरकारी संगणकप्रणालीचा माग काढला आणि जानेवारी २०२४ मध्ये ‘अल जझीरा’त तो छापून आला. सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या विधवेला, नावातल्या साम्यावरून, मोटारीच्या मालकाची बायको ठरवून प्रणालीने तिचे रेशन तोडले होते. वर्षभराने, जानेवारी २०२५ मध्ये, आयकर खात्याने या संस्थेचा ना-नफा दर्जा काढून घेतला. संस्थेच्या निवेदनाप्रमाणे कारण असे दिले गेले, की तिची पत्रकारिता सार्वजनिक हेतू साधत नाही. दोन्ही घटनांत कार्यकारणसंबंध आहे असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण दिलेले कारणच पुरेसे विचित्र आहे.

१९६१ च्या आयकर कायद्यात धर्मादाय हेतूंची यादी होती: गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य, पर्यावरण, स्मारकांचे जतन. २०१५ मध्ये तीत योगही आला. पत्रकारिता नाही, ती ‘सार्वजनिक उपयोगाचे इतर काम’ या ढगळ शब्दांत बसवावी लागे आणि बसते की नाही हे अधिकारी ठरवी. तिचा नावाने समावेश व्हावा ही मागणी खासदारांकडे नेण्याजोगी आहे, आणि त्याबरोबर अटीही असाव्यात: दात्यांची नावे दरवर्षी जाहीर करणे, ज्या कंपनीबद्दल लिहायचे तिच्याकडून पैसा न घेणे, चूक झाली तर मूळ बातमीइतक्याच ठळकपणे ती दुरुस्त करणे. या अटी ज्या संस्थांना जाचक वाटतील त्यांनी वर्गणीवर खुशाल चालावे.